वाळवलेल्या फुलांचा गुन्हा

घरच्या घरी बिअर करण्याचा छंद युरोप-अमेरिकेत आता चांगलाच रुजला आहे. आपल्याकडे बायका उन्हाळ्यात लोणची-मुरंबे घालतात, तितक्याच हौसेने तिथली मंडळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बिअर लावतात. त्यात बार्लीच्या जोडीला सुकामेवाही पडतो. बेदाणे, खजूर, सुकं अंजीर, जर्दाळू. सुक्या फळात पाणी कमी आणि साखर भरपूर, त्यामुळे ते आंबवणात टाकलं की यीस्टला ताजं खाद्य मिळतं, पेयाचा कैफ वाढतो, रंग गडद होतो आणि चवीला एक जाडपणा येतो. फळ गरम पाण्यातून काढून घ्यावं लागतं, नाही तर सालीवरचे रानटी जंतू सगळा घाणा नासवतात. बेदाण्यावर टिकण्यासाठी गंधकाची धुरी दिलेली असेल तर आंबणं अडखळतं. अशा शंभर बारीकसारीक गोष्टींवर ही मंडळी तासन् तास बोलू शकतात. पण सुक्या फळाचा सगळ्यात मोठा गुण अगदी साधा आहे. ते टिकतं. द्राक्षाचा हंगाम संपला तरी बेदाणा डब्यात असतो.

हा टिकण्याचा गुण लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

ही हौस तिकडेही फार काळ मोकळी नव्हती. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना लागायचा. ती अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत तर घरगुती बिअरला कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ मध्ये, अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने. आता या आकड्यातून बरोबर शंभर वर्षं वजा करा. १८७८. त्या वर्षी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला आणि आपल्या गावोगावची घरगुती भट्टी गुन्हा ठरली. अमेरिकेने जे १९७८ मध्ये सोडलं, ते आपल्याकडे १८७८ मध्ये बांधलं गेलं. हा निव्वळ योगायोग आहे, पण तारखा लक्षात ठेवायला सोयीचा आहे.

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले दोन आतले तालुके. समुद्र इथून लांब, डोक्यावर सह्याद्रीची भिंत, एका अंगाला माथेरानचा डोंगर आणि पायथ्याच्या दांडांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या. इथे बेदाणा नव्हता, बार्ली नव्हती, माडसुद्धा किनाऱ्यासारखे नव्हते. इथे होता मोह. आणि जे वाळवून ठेवलं जायचं ते मोहाचं फळ नव्हे, फूल.

मोहाचं फूल ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फाल्गुन-चैत्रात, झाडाची पानं गळून गेलेली असताना, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फूल पिवळट पांढरं, मांसल, रसाने भरलेलं, करवंदाएवढं. ते रात्री गळायला लागतं आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. उन्हं वर यायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात, कारण एकदा ऊन लागलं, की गुरं, मुंग्या आणि माकडं यांच्यात वाटा द्यावा लागतो. ताजं फूल दिवस-दोन दिवसांत आंबायला लागतं. म्हणून ते खळ्यात पसरून वाळवायचं. चार-पाच दिवसांच्या कडक उन्हात ते आक्रसतं, तांबूस-तपकिरी होतं आणि हातात घेतलं तर अगदी मनुकेसारखं दिसतं. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. अशी फुलं कणगीत भरून ठेवली की वर्षभर राहतात.

या फुलांचं काय करायचे? पहिलं उत्तर म्हणजे खायचे. भाजून खायचे, शिजवून भरडीत मिसळून खायचे, कुटून लाडू वळायचे, गुरांना चारायचे. पावसाळ्याच्या तोंडाला, घरातलं धान्य संपत आलेलं आणि नवं पीक दूर असताना, कणगीतली फुलं कुटुंबाला हात द्यायची. दुसरं उत्तर म्हणजे दारू. वाळकी फुलं मडक्यात पाणी घालून चार-सहा दिवस आंबत ठेवायची. फेस येऊन शमला की ते मडकं चुलीवर. वर दुसरं भांडं, सांधे चिखलाने लिंपलेले, बांबूची नळी आणि तिच्या टोकाला गार पाण्यात बसवलेलं मडकं. वाफ थंड होऊन थेंब थेंब पडते, ती दारू. शास्त्र काटेकोर लावायचं तर ही बिअर नव्हे. बिअर धान्याची असते आणि ती ऊर्ध्वपातित नसते. पण सुकवलेल्या गोडाला पाण्यात पुन्हा जिवंत करून आंबवायचं, ही पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच आहे.

आणि हे ज्ञान फक्त रानातलं नाही. तुमच्या-आमच्या घरातही ते होतं. द्राक्षारिष्ट आठवा. मनुकांचा काढा, गूळ, मसाल्याची द्रव्यं आणि धायटीची फुलं असं सगळं बरणीत घालून, तोंड लिंपून महिनाभर ठेवायचं. धायटी याच कर्जतच्या डोंगरउतारावर लालचुटुक फुलते. आसव-अरिष्टं आंबवायला वैद्यांनी शतकानुशतकं तिच्यावर भिस्त ठेवली. त्या बाटलीत आंबण्यातून तयार झालेलं मद्य असतंच, पण ते औषध. आजी दोन चमचे घ्यायची, वर पाणी प्यायची आणि कोणी तिला मद्यपी म्हटलं नाही. मनुका वाण्याकडे मिळते, मोहाचं फूल रानात पडतं. कायद्याच्या डोळ्यांत दोघांना वेगळी जागा मिळाली याचं कारण रसायनशास्त्रात शोधून सापडणार नाही.

ते अबकारीच्या हिशेबात सापडतं. १८७८ च्या आधीही दारूवर कर होता. सरकार मक्ता लिलावाने देई आणि मक्तेदार त्याच्या भागात दारू गाळून किंवा गाळवून विके. पण डोंगराळ भागात कुटुंबापुरती दारू गाळण्याकडे फारसं कोणी बघत नसे. चार्ल्स प्रिचर्ड नावाचे अधिकारी इलाख्याच्या जकात आणि अफू खात्याचे आयुक्त असताना ही घडी मोडली. नव्या पद्धतीत दारू गाळायची ती मोजक्या सरकारमान्य भट्ट्यांतच, तिच्यावर गॅलनमागे कर बसायचा आणि विकायची ती परवान्याच्या दुकानातूनच. किनाऱ्यावर ताड-माडांवर झाडागणिक कर बसला आणि भंडारी समाज हवालदिल झाला. डोंगराकडे घरची भट्टी बंद झाली.

म्हणजे कागदावर बंद झाली. प्रत्यक्षात कर्जतच्या रानात एक मडकं आणि बांबूची नळी शोधायला शिपाई कुठवर फिरणार? ही भट्टी अर्ध्या तासात मांडता येते, पाच मिनिटांत फोडता येते आणि तिचा पुरावा ओढ्यात वाहून जातो. भांडी पकडून हा व्यवहार थांबत नाही हे अधिकाऱ्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. मग पकडायचं काय? जे वाहून जात नाही, जे महिनोन् महिने घरात राहतं, ते. कणगीतलं वाळकं फूल.

१८९२ चा मुंबई इलाख्याचा तिसरा कायदा हा ‘म्हौरा कायदा’. म्हौरा म्हणजे मोह; इंग्रजांच्या कागदात तो असा लिहिला जाई. हा कायदा आला तो ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी. कर्जत तालुका, खालापूर महालासह, आदल्याच वर्षी म्हणजे १८९१ मध्ये ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्यात घातला होता. वाड्यांतल्या माणसाला जिल्हा बदलल्याचा पत्ता असेल-नसेल, पण त्याने फरक पडणार नव्हता. नव्या कायद्यात दोन्ही जिल्हे होते. या कायद्याने मोहफुलांचा साठा आणि व्यवहार सरकारी परवानगीच्या ताब्यात गेला. दारू केली म्हणून शिक्षा हे समजू शकतं. पण दारू होऊ शकेल असं काही घरात आहे, म्हणून घरधनी संशयित, हे नवीन होतं. ज्वारीचीही दारू होते, गुळाचीही होते. ज्वारी घरात ठेवायला कोणी परवाना मागितला नाही.

फूल झाडाखाली पडलेलं असेपर्यंत ते निसर्गाचं. खळ्यात वाळत घातलं की तो माल. कणगीत भरला की साठा आणि साठा झाला की गुन्ह्याची शंका. गरीब माणूस उद्याची तरतूद करतो म्हणजे काय करतो, तर वाळवतो. मासळी वाळवतो, भाजी वाळवतो, फूल वाळवतो. या कायद्याने बोट ठेवलं ते नेमकं या तरतुदीवर.

आणखी एक गंमत. गंमत म्हणायची, पण हसू येत नाही. सरकारमान्य दारू जिथे गाळली जाई ती ठिकाणं कोणती? त्यातलं मोठं ठिकाण याच परिसरात, उरणला. उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्या मोठ्या नावाजलेल्या होत्या आणि तिथून मुंबईला दारू जाई. ती कशाची? मोहाचीच. फुलं गुजरातेतून, पंचमहालाच्या बाजूने येत. म्हणजे शेकडो मैलांवरचं फूल उरणला येऊन, कर भरून, बाटलीत जाऊन कर्जतच्या दुकानात विकलं जाऊ शकत होतं. पण कर्जतच्या झाडाचं फूल कर्जतच्या घरात राहिलं तर ते संशयास्पद होतं. सरकारचा आक्षेप दारूला होता असं यावरून वाटत नाही. तसं ते लंडनमध्येही काहींना वाटत नव्हतं. १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटाच्या कनिष्ठ सभागृहात हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव मंजूर झाला होता. त्या धोरणामुळे दारूचा प्रसार वाढतो, असं तिथल्या मद्यनिषेधवाद्यांचं म्हणणं होतं. म्हौरा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला.

आता इथे कोणी म्हणेल, की तुम्ही आदिवासींच्या दारूचं कौतुक चालवलं आहे. तसं नाही. दारूने वाड्या पोखरल्या, हे वाड्यांतल्या बायका कोणत्याही सुधारकापेक्षा स्पष्ट सांगतात. आणि आदिवासींनी स्वतःहून दारू सोडल्याचाही इतिहास आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून उठलेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातभर पसरली. अंगात आलेली देवी सांगे, की दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, गुत्तेवाल्याच्या नादी लागू नका. हजारोंनी ते ऐकलं. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीवर सबंध पुस्तक लिहिलं आहे. त्यातून दिसतं, की लोकांचा राग नुसत्या दारूवर नव्हता. दुकानातली दारू, तिची उधारी आणि त्या उधारीत जाणारी जमीन यांच्या साखळीवर होता. घरी फुलं आंबवणाऱ्याला उधारी होत नाही. दुकानातून आणणाऱ्याला होते. हा भेद अबकारी खात्याला कळत नव्हता असं नाही, पण त्याच्या वह्यांत तो लिहायला रकाना नव्हता.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. मोरारजीभाईंचा हेतू महसुलाचा नव्हता, उलट सरकारने महसुलावर पाणी सोडलं. हेतू बदलला, पण फुलाची फाईल जुनीच राहिली. दारूबंदी कायद्यात मोहफुलांवरचं नियंत्रण कायम होतं आणि १९५० मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमही झाले. इंग्रजांनी उत्पन्नासाठी जे बांधलं होतं ते आपण सद्गुणासाठी बांधून ठेवलं.

दारू अर्थातच थांबली नाही. फूल जवळ ठेवणं जोखमीचं म्हटल्यावर दुसरा कच्चा माल आला आणि तो होता काळा गूळ. गूळ कुठेही मिळतो, वर्षभर मिळतो, आणि घरात गूळ का ठेवला, असं कोणी विचारत नाही. त्यात नवसागर पडू लागला. ‘हातभट्टी उद्ध्वस्त, इतके लिटर रसायन नष्ट’ अशी बातमी तुम्ही वाचली असेल. ते रसायन म्हणजे बहुधा गूळ-नवसागराचंच. खालापूर-कर्जतच्या ओढ्यांकाठून रबरी ट्यूबांत भरून ही दारू शहराकडे जायची. मोहाच्या पहिल्या धारेची गोष्ट सांगणारी जुनी माणसं या दारूचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. ते तर मिथेनॉल होतं, कारखान्यातलं विष. त्याचा ना फुलाशी संबंध ना गुळाशी. पण दारूचा धंदा घरातून निघून अंधारात गेला, की पुढे कोणत्या थरापर्यंत जातो, ते तिथे दिसलं.

यात दारूबरोबर अन्नही गेलं, त्याची नोंद मात्र कुठे झाली नाही. फूल साठवायचं भय बसल्यावर भाजलेली फुलं, कुटलेले लाडू, पावसाळ्याची ती तरतूद, सगळंच आकसलं. तेल तेवढं टिकलं. पावसाच्या तोंडाला मोहाची फळं पिकतात, त्यांच्या बिया म्हणजे मोहट्या. त्यांचं तेल भाजीलाही चालतं आणि दिव्यालाही. त्या तेलाला कायद्याने कधी हरकत घेतली नाही. म्हणून एकाच झाडाचं फळ उजळ माथ्याने बाजारात जायचं आणि फूल लपतछपत.

माझ्या मते फुलाला लागलेला दुसरा धक्का कायद्याचा नाही, कामाचा आहे. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, घेतलेली उचल फेडत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथेच राहतात. मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे झाडाखाली सडा पडतो तेव्हा वेचणारे हात कल्याण-भिवंडीच्या चिखलात असतात. पहाटे उठून टोपली भरणारी पोरगी विटा उलटत असते. याच सुमारास मुंबई-पुण्याहून कर्जतच्या फार्महाऊसवर सुटीला आलेली मंडळी फुलांच्या त्या घमघमाटाला ‘कसला वास आहे हो हा?’ असं विचारतात. जमिनी विकल्या गेल्या, त्यांच्याबरोबर काही मोहही कुंपणाच्या आत गेले. तिथे फूल पडतं आणि माळी ते झाडून कचऱ्यात टाकतो.

मे २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध उठवले. आदिवासींना फुलं गोळा करायला, घरात साठवायला आणि नेण्या-आणण्याला आता पूर्वीसारखा परवाना लागत नाही. १८९२ पासून मोजलं तर ही १२९ वर्षं होतात. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहफुलं यांच्यापासून केलेल्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून ‘विदेशी मद्य’ या वर्गात घालायचं ठरवलं. हेतू चांगला होता, मालाला भाव यावा हा. गोव्यातल्या एका उद्योजकाने २०१८ मध्येच मोहाचं मद्य झकपक बाटलीत घालून बाजारात आणलं होतं. पण ज्या झाडाखाली ठाकरांच्या पिढ्या गेल्या, त्याच्या फुलाची दारू सरकारदरबारी विदेशी, हे वाचून मी ती बातमी पुन्हा एकदा वाचली.

घरी गाळायला मात्र आजही मनाई आहे. कर्जतच्या वाडीतली बाई चैत्रात खळ्यावर फुलं पसरून वाळवू शकते, कणगी भरू शकते, बाजारात नेऊन विकू शकते. त्याच फुलांवर पाणी घालून मडकं झाकून ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी फेस येतो आणि कायदा पुन्हा लागू होतो.